जोडणी जिवंत आहे का? डेटाबेसला विचारायचा सर्वांत छोटा प्रश्न

रात्री उशिरापर्यंत सुरळीत चाललेले एखादे संकेतस्थळ सकाळी कार्यालये उघडताच पहिल्या दोन-चार ग्राहकांना ‘तांत्रिक अडचण, पुन्हा प्रयत्न करा’ असा संदेश दाखवते आणि पाचव्या ग्राहकापासून जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा कामाला लागते, हा अनुभव अनेकांना आला असेल. सहज चौकशी करणाऱ्याच्या दृष्टीने ही किरकोळ कटकट असते. ज्याच्या वीजबिलाची ती शेवटची तारीख आहे, त्याच्या दृष्टीने ती किरकोळ राहत नाही. अशा बिघाडांची कारणे अनेक असू शकतात. परंतु ‘रात्रभर शांतता आणि सकाळी पहिलाच गडी बाद’ हे लक्षण दिसले, की अनुभवी प्रोग्रॅमर सर्वप्रथम एकाच ठिकाणी बोट ठेवतो. ते ठिकाण म्हणजे डेटाबेसकडे जाणाऱ्या, रात्रभर कोणी हात न लावलेल्या जुन्या जोडण्या.

या जोडण्या वापरण्यापूर्वी जिवंत आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी डेटाबेसला एक अतिशय छोटा प्रश्न विचारला जातो. त्याला ‘पडताळणी क्वेरी’ म्हणतात. एका ओळीत मावणारा हा प्रश्न बहुतेक वेळा कोणत्या तरी जुन्या प्रकल्पातून उचलून नव्या प्रकल्पात चिकटवलेला असतो. तो नीट निवडला तर त्याचे अस्तित्वही कोणाला जाणवत नाही. चुकीचा निवडला, तर मात्र ठणठणीत असलेली यंत्रणा केवळ त्याच्यामुळे बंद पडू शकते.

जोडण्यांचा साठा कशासाठी?

कोणताही व्यवहार करणारे संकेतस्थळ साधारणतः दोन भागांत काम करते. एक भाग ग्राहकाशी बोलतो आणि दुसरा, म्हणजे डेटाबेस, नोंदी सांभाळतो. पहिल्याला दुसऱ्याशी बोलायचे तर आधी जोडणी जुळवावी लागते. नेटवर्कवरून हस्तांदोलन होते, नाव व पासवर्ड तपासला जातो, सुरक्षित संवादासाठी किल्ल्यांची देवाणघेवाण होते आणि डेटाबेस आपल्या बाजूला या पाहुण्यासाठी स्मृती राखून ठेवतो. पोस्टग्रेएसक्यूएल तर प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र प्रोसेस उभी करते. मायएसक्यूएल नेहमीच्या मांडणीत एक थ्रेड देते. प्रत्यक्ष नोंद वाचण्यास लागणाऱ्या वेळापेक्षा जोडणी जुळवण्यासच अधिक वेळ लागावा, असे सर्रास घडते.

म्हणून जोडण्या एकदाच जुळवून तयार ठेवल्या जातात. या साठ्याला ‘कनेक्शन पूल’ म्हणतात. येथील पूल नदीवरचा नव्हे. रिक्षा स्टँडशी त्याचे साम्य अधिक आहे. रिक्षा रांगेत उभ्या असतात, प्रवासी आला की पहिली निघते आणि काम झाले की पुन्हा रांगेत येऊन लागते. जावाच्या जगात अपाची कॉमन्स डीबीसीपी, सीथ्रीपीओ आणि हिकारीसीपी ही अशा पूलची परिचित नावे आहेत. पायथनमध्ये एसक्यूएलअल्केमी हे काम करते, तर पोस्टग्रेएसक्यूएलसमोर पीजीबाउन्सर स्वतंत्रपणे उभा केला जातो.

रांगेत उभी असलेली प्रत्येक रिक्षा सुरू होईलच, याची मात्र खात्री नसते.

जोडणी मरते कशी?

मायएसक्यूएलमध्ये ‘वेट टाइमआउट’ नावाची एक मर्यादा असते. एखाद्या जोडणीवरून इतका वेळ काहीही विचारले गेले नाही, तर सर्व्हर ती आपल्या बाजूने बंद करतो. या मर्यादेचे मूळ मूल्य २८,८०० सेकंद, म्हणजे बरोबर आठ तास आहे. रात्री नऊला कामकाज थांबले आणि सकाळी नऊला सुरू झाले, तर मधले अंतर बारा तासांचे होते. पूलमधील सर्व जोडण्या तोवर सर्व्हरने बंद केलेल्या असतात. पूलला मात्र त्याचा पत्ता नसतो, कारण बंद झाल्याचा निरोप आलेला असला तरी तो उघडून पाहण्याचे कारणच पडलेले नसते. सकाळचा पहिला ग्राहक ती जोडणी वापरतो आणि ‘कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर’ ही चूक त्याच्या वाट्याला येते. मेलेल्या जोडण्या एकेक करून फेकल्या गेल्या की गाडी रुळावर येते. सोमवारी सकाळी हा प्रकार अधिक दिसतो, याचे कारण वेगळे सांगायला नको.

हा मृत्यू त्यातल्या त्यात सभ्य म्हणावा लागेल. सर्व्हरने निदान दार लावताना आवाज तरी केलेला असतो. फायरवॉल आणि क्लाउडमधील मधली उपकरणे तेवढीही तसदी घेत नाहीत. बराच वेळ शांत असलेली जोडणी ती आपल्या वहीतून गुपचूप खोडून टाकतात आणि दोन्ही टोकांना वाटत राहते की जोडणी शाबूत आहे. अॅमेझॉनच्या क्लाउडमधील नॅट गेटवे ३५० सेकंदांच्या शांततेनंतर असे करतो. मायक्रोसॉफ्टच्या अॅझ्युअरमधील लोड बॅलन्सरची मूळ मर्यादा ४ मिनिटांची आहे. याउलट, शांत जोडणी जिवंत आहे का हे स्वतःहून पाहणारी लिनक्सची ‘कीपअलाइव्ह’ सोय मुळात २ तासांनी पहिली टकटक करते आणि तीही प्रोग्रॅमने मागितली असेल तरच. चार मिनिटे आणि दोन तास यांतील दरी पाहिली, की त्रास कोठून येतो ते लक्षात येते.

अशा स्थितीत पाठविलेला प्रश्न पलीकडे पोहोचतच नाही, आणि नकारही येत नाही. लिनक्स तो पुनःपुन्हा पाठवत राहते आणि मूळ मांडणीत साधारण पंधरा मिनिटांनी हात टेकते. तोपर्यंत ग्राहकासमोर नुसते चक्र फिरत असते. टीसीपी या संपर्कनियमाच्या १९८१ मधील मूळ दस्तऐवजातच ‘अर्धी उघडी जोडणी’ असा शब्दप्रयोग आहे. म्हणजे प्रश्न नवा नाही. क्लाउडने तो रोजचा केला, इतकेच.

प्रत्येक डेटाबेसची वेगळी बोली

मग जोडणी जिवंत आहे हे कळावे कसे? दूरध्वनीवर ‘हॅलो, ऐकू येते आहे ना?’ असे विचारून पाहतात, तसाच हा उपाय आहे. प्रश्न जितका छोटा तितका बरा. डेटाबेसने त्यासाठी कोणतेही कोष्टक उघडू नये, डिस्कला हात लावू नये, फक्त ‘आहे’ एवढे सांगावे. एसक्यूएलमध्ये हा प्रश्न ‘सिलेक्ट १’ असा लिहिता येतो. त्याचा अर्थ ‘मला एक हा आकडा परत दे’ असा होतो. मायएसक्यूएल, मारियाडीबी, पोस्टग्रेएसक्यूएल, मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर, सायबेस, एच२ आणि एसक्यूलाइट या सर्वांना तो कळतो.

अडचण अशी, की एसक्यूएलच्या प्रमाणित व्याकरणात ‘सिलेक्ट’ म्हटले की ‘फ्रॉम’ यायलाच हवे. कोणत्या कोष्टकातून, हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. वर उल्लेखिलेल्या डेटाबेसनी सोयीसाठी ही अट सैल केली. ज्यांनी ती पाळली, त्यांना एका ओळीचे नाममात्र कोष्टक सोबत द्यावे लागले आणि त्याचे नाव प्रत्येकाने आपापल्या मर्जीने ठेवले.

ओरॅकलमध्ये ते ‘ड्युअल’ आहे. म्हणून तेथे ‘सिलेक्ट १ फ्रॉम ड्युअल’ असे लिहितात. कोष्टकात एकच ओळ आणि एकच रकाना. रकान्याचे नाव ‘डमी’ आणि त्यातील मजकूर ‘एक्स’ हे एकच अक्षर. एकुलत्या एका ओळीच्या कोष्टकाला ‘दुहेरी’ असे नाव का, हा प्रश्न नवशिक्यांना हमखास पडतो. हे कोष्टक घडविणारे ओरॅकलचे चक वाइस यांनी त्याचा खुलासा पुढे केला होता. मुळात त्यात दोन ओळी होत्या आणि दुसऱ्या कोष्टकाशी जोड लावून प्रत्येक ओळीच्या दोन ओळी करणे, हा त्यामागील हेतू होता. तो हेतू विस्मरणात गेला, एक ओळ गळाली आणि नाव तेवढे राहिले. पूर्वीच्या आवृत्त्यांत हे कोष्टक खरोखरच वाचले जाई. लाखो वेळा विचारला जाणारा प्रश्न असेल, तर तेवढे वाचनही भारी पडे. १० जी आवृत्तीपासून ओरॅकल ‘फास्ट ड्युअल’ ही युक्ती वापरते आणि कोष्टकाला हात न लावताच उत्तर देते. मात्र हा लाभ ‘सिलेक्ट १’ असे विचारणाऱ्यालाच मिळतो. कोणी ‘सिलेक्ट स्टार फ्रॉम ड्युअल’ असे लिहून ठेवले असेल, तर त्या ‘एक्स’साठी कोष्टक उघडावेच लागते. एका अक्षराचा हा फरक मांडणीच्या फायलीत वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेस येत नाही. २०२३ मध्ये प्रथम विकसकांच्या मोफत आवृत्तीत आलेल्या २३ क्रमांकाच्या पिढीपासून ओरॅकललाही ‘फ्रॉम’शिवायचे ‘सिलेक्ट १’ चालते. जुन्या आवृत्त्या मात्र ते चूक म्हणून परत करतात, आणि मोठ्या कार्यालयांतून जुन्या आवृत्त्या सहजासहजी हलत नाहीत.

आयबीएमच्या डीबी२ मध्ये हेच काम ‘सिसआयबीएम.सिसडमी१’ नावाचे कोष्टक करते. लिनक्स व विंडोजवरील डीबी२ला ‘व्हॅल्यूज १’ हे आटोपशीर रूपही कळते. अपाची डर्बीलाही ते चालते. सॅप हानामध्ये ‘डमी’, तर फायरबर्डमध्ये ‘आरडीबी$डेटाबेस’ हे कायम एकाच ओळीचे असणारे अंतर्गत कोष्टक वापरण्याची पद्धत आहे. इन्फॉर्मिक्समध्ये असे खास कोष्टक न शोधता ‘सिसटेबल्स’ या यादीतून टॅबआयडी १ असलेली ओळ मागतात. एचएसक्यूएलडीबीसाठी ‘इन्फर्मेशन स्कीमा.सिस्टीम युजर्स’ हे नाव जुन्या मांडण्यांतून आढळते. एसक्यूएलच न बोलणाऱ्यांचा मामला अधिक सोपा आहे. रेडिसला ‘पिंग’ म्हटले की तो ‘पाँग’ म्हणतो, आणि मोंगोडीबीलाही पिंग नावाची आज्ञा आहे.

ही नावे अर्थातच प्रत्यक्ष मांडणीत रोमन लिपीत लिहावी लागतात. ती पाठ करण्याचीही गरज नाही. लक्षात ठेवायचे ते इतकेच, की एका डेटाबेसची क्वेरी दुसऱ्यात चालेल असे गृहीत धरता येत नाही. ओरॅकलवरून पोस्टग्रेएसक्यूएलवर स्थलांतर करताना हे विशेष जाणवते. प्रोग्रॅममधील शेकडो क्वेरी तपासून बदलल्या जातात. पूलच्या मांडणीतील ‘सिलेक्ट १ फ्रॉम ड्युअल’ ही एक ओळ मात्र राहून जाते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ड्युअल नावाचे कोष्टक मुळातच नसल्याने प्रत्येक जोडणी तपासणीत नापास होते. नवा डेटाबेस व्यवस्थित चालू असतो, पासवर्ड बरोबर असतो, नेटवर्क मोकळे असते, तरीही पूल एकही जोडणी द्यायला तयार नसतो. मायएसक्यूएलला मात्र ड्युअल हे नाव सौजन्य म्हणून चालते. त्यामुळे ओरॅकलवरून तेथे जाणाऱ्यांना ही ठेच लागत नाही, आणि पुढे तिसरीकडे जाताना ती अनपेक्षितपणे लागते.

आपलेच कोष्टक वापरण्याचा मोह

खरी हानी होते ती पडताळणीसाठी स्वतःच्या कामाचे कोष्टक वापरण्याने. ‘ग्राहक कोष्टकातील ओळी मोजून दाखव’ ही क्वेरी प्रकल्पाच्या पहिल्या आठवड्यात, कोष्टकात वीस ओळी असताना, निरुपद्रवी असते. तीच क्वेरी पाच वर्षांनी लाखो ओळी मोजू लागते. पोस्टग्रेएसक्यूएल आणि मायएसक्यूएलचे इनोडीबी इंजिन अशा मोजणीसाठी ओळींची आयती संख्या जवळ ठेवत नाहीत. ती खरोखर मोजावी लागते. प्रत्येक ग्राहकामागे, प्रत्येक पानामागे हे घडू लागले, की डेटाबेसचा बराच वेळ ‘तू आहेस का?’ या प्रश्नाचे उत्तर देण्यातच जातो.

दुसरा धोका याहून वाईट आहे. ते कोष्टक कोणी नाव बदलून ठेवले, किंवा सुरक्षेसाठी त्यावरील वाचनाचा अधिकार काढून घेतला, तर सर्व जोडण्या एकाच वेळी ‘मृत’ ठरतात. पूल त्या फेकून देतो आणि नव्या जुळवतो. नव्याही नापास होतात, त्याही फेकल्या जातात. डेटाबेसवर लॉगिनचा भडिमार सुरू होतो. मूळ दोष एका कोष्टकापुरता होता. पडताळणीने तो साऱ्या यंत्रणेचा केला.

येथे वेबलॉजिक या सर्व्हरच्या मार्गदर्शनाची एक गंमत सांगण्याजोगी आहे. त्यात क्वेरीऐवजी नुसते कोष्टकाचे नाव देण्याची सोय आहे आणि ते कमीत कमी ओळींचे, अगदी रिकामेही असावे, असा सल्ला दिलेला आढळतो. सल्ला चुकीचा नाही, कारण वेबलॉजिकची पारंपरिक क्वेरी ओळी मोजते आणि रिकाम्या कोष्टकाची मोजणीही ‘शून्य’ अशी एक ओळ परत देते. परंतु अपाची डीबीसीपीची अट आहे, की पडताळणी क्वेरीने निदान एक ओळ परत द्यावी. नाही तर जोडणी नापास. हा सल्ला ऐकून कोणी डीबीसीपीमध्ये ‘सिलेक्ट १ फ्रॉम’ आणि पुढे रिकाम्या कोष्टकाचे नाव लिहिले, तर उत्तरात एकही ओळ येणार नाही आणि एकही जोडणी मिळणार नाही. एका घरचा शहाणपणा दुसऱ्या घरी असा अंगाशी येतो.

मुळात क्वेरी हवीच का?

डिसेंबर २००६ मध्ये आलेल्या जावाच्या सहाव्या आवृत्तीसोबत जेडीबीसी ४.० हा नियमसंच आला आणि त्यात ‘इझ व्हॅलिड’ नावाची सोय मिळाली. जोडणी जिवंत आहे का, हे आता ड्रायव्हरलाच विचारता येते. कोणत्या डेटाबेसला कसे विचारायचे, ते त्याचे त्याने पाहावे. ड्रायव्हर हा त्या डेटाबेसचा जाणकार असल्याने तो क्वेरीपेक्षाही हलका मार्ग वापरू शकतो. मायएसक्यूएलच्या संपर्कनियमात पिंगची स्वतंत्र आज्ञा आहे. तिच्यात व्याकरण तपासणे नाही की उत्तराची ओळ बांधणे नाही. पोस्टग्रेएसक्यूएलचा ड्रायव्हर चक्क रिकामी क्वेरी पाठवतो. पोस्टग्रेएसक्यूएलला ती मान्य आहे आणि ‘काहीच विचारले नाही’ असे उत्तर आले, तरी तेवढ्याने पलीकडे कोणी आहे हे सिद्ध होते.

हिकारीसीपीची शिफारस स्पष्ट आहे: ड्रायव्हर जेडीबीसी ४ पाळत असेल, तर पडताळणी क्वेरी लिहूच नये. डीबीसीपीच्या दुसऱ्या पिढीतही क्वेरी न दिल्यास ‘इझ व्हॅलिड’ वापरले जाते. आजच्या बहुतेक प्रकल्पांना हा सल्ला लागू पडतो आणि तो मानण्यातच शहाणपण आहे. अपवाद जुन्या ड्रायव्हरांचा. एसक्यूएल सर्व्हर व सायबेससाठी एकेकाळी लोकप्रिय असलेला जेटीडीएस हा ड्रायव्हर ‘इझ व्हॅलिड’ला तोंड देऊ शकत नाही. तेथे ‘सिलेक्ट १’ लिहूनच काम भागवावे लागते.

मायएसक्यूएलच्या जावा ड्रायव्हरमध्ये या दोहोंचा मध्य साधणारी एक युक्ती आहे. क्वेरीच्या अगदी आरंभी ‘/* पिंग */’ अशी टीप लिहिली, तर ड्रायव्हर ती क्वेरी न पाठवता हलका पिंग पाठवतो. मात्र अक्षरे, तारका आणि मधल्या मोकळ्या जागा जशाच्या तशा हव्यात. एक जागा कमी पडली, तर ती नुसती टीप ठरते; क्वेरी नेहमीसारखी पाठवली जाते आणि आपण पिंग वापरत आहोत या समजुतीत सारे राहतात. त्याच ड्रायव्हरमधील ‘ऑटो रिकनेक्ट’ ही सोय मात्र वापरू नये, असे त्याच्या मार्गदर्शनातच म्हटले आहे. तुटलेली जोडणी परस्पर पुन्हा जुळवली, तर आधीच्या जोडणीवर निश्चित केलेल्या गोष्टी नाहीशा होतात आणि अर्धवट व्यवहाराचे काय झाले, हे प्रोग्रॅमला कळत नाही.

विचारायचे केव्हा?

प्रत्येक वेळी जोडणी उचलताना तपासणी केली, तर सुरक्षितता सर्वाधिक. पण प्रत्येक तपासणी म्हणजे नेटवर्कवरील एक पूर्ण फेरी. एका पानासाठी वीस वेळा जोडणी उचलली जात असेल आणि फेरीला एक मिलिसेकंद लागत असेल, तर वीस मिलिसेकंदांची भर कोणाला जाणवणार नाही. डेटाबेस दुसऱ्या शहरात असेल आणि फेरीला ५० मिलिसेकंद लागत असतील, तर त्याच पानाला केवळ ‘आहेस का?’ विचारण्यात एक सेकंद लागेल.

यावर निरनिराळ्या पूलनी तडजोडी शोधल्या आहेत. हिकारीसीपी गेल्या ५०० मिलिसेकंदांत वापरलेली जोडणी पुन्हा तपासत नाही; आताच बोलून गेलेला माणूस जिवंत आहे हे मानायला हरकत नाही, असा तो हिशेब आहे. पीजीबाउन्सरमध्ये हाच अवधी मुळात ३० सेकंदांचा आहे. एसक्यूएलअल्केमीने १.२ आवृत्तीत ‘प्री पिंग’ची सोय दिली. ती मागितली तरच चालू होते. डीबीसीपीत रिकाम्या बसलेल्या जोडण्या पार्श्वभूमीवर अधूनमधून तपासता येतात. गर्दीच्या ठिकाणी हा मार्ग चांगला, कारण ग्राहकाला खोळंबावे लागत नाही. शिवाय या टकटकीमुळे फायरवॉललाही जोडणी चालू असल्याचे दिसत राहते. अट एवढीच, की टकटकीचे अंतर मधल्या उपकरणाच्या मर्यादेहून कमी असावे.

तपासणीपेक्षा प्रभावी उपाय मात्र वेगळाच आहे, तो म्हणजे जोडणी म्हातारी होऊच न देणे. हिकारीसीपी मूळ मांडणीत ३० मिनिटांनंतर जोडणी निवृत्त करते. मायएसक्यूएलची आठ तासांची मर्यादा मग कधी गाठलीच जात नाही. सर्व्हरची, फायरवॉलची आणि पूलची अशा तिन्ही मर्यादा एका कागदावर लिहून पूलची सर्वांत लहान ठेवली, तर सकाळचा तो बिघाड बव्हंशी तेथेच मिटतो. हे काम दहा मिनिटांचे आहे, आणि ते होत नाही याचे कारण बहुधा असे, की या तीन मर्यादा तीन वेगवेगळ्या विभागांच्या ताब्यात असतात.

तपासणीला वेळेची मर्यादा घालणेही तितकेच आवश्यक आहे. गुपचूप खोडलेल्या जोडणीवर ‘सिलेक्ट १’ पाठविले, तर तो प्रश्नच पंधरा मिनिटे अडकून राहू शकतो. मायएसक्यूएल व पोस्टग्रेएसक्यूएल या दोहोंच्या जावा ड्रायव्हरमध्ये उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा मुळात शून्य, म्हणजे अमर्याद, ठेवलेली आहे. हिकारीसीपी तपासणीला ५ सेकंद देते. गर्दीच्या सेवेसाठी हेही जास्तच म्हणावे लागतील.

‘हो’ म्हणजे नेमके काय?

‘सिलेक्ट १’चे उत्तर आले, याचा अर्थ पलीकडे डेटाबेस आहे आणि तो बोलतो आहे, इतकाच. कोष्टके शाबूत आहेत, डिस्कवर जागा आहे, नोंद करता येईल, यांपैकी कशाचीही ग्वाही त्यात नाही.

याचा प्रत्यय अदलाबदलीच्या वेळी येतो. मोठ्या सेवांमध्ये एक मुख्य डेटाबेस आणि त्याच्या एक-दोन प्रतिकृती असतात. मुख्य सर्व्हरमध्ये बिघाड झाला, की प्रतिकृतीला बढती मिळते आणि जुना मुख्य सर्व्हर परत आल्यावर केवळ वाचनापुरता उरतो. काही व्यवस्थांमध्ये जुन्या जोडण्या या अदलाबदलीनंतरही त्याच सर्व्हरला चिकटून राहतात. त्यांना ‘सिलेक्ट १’ विचारले तर उत्तर तत्काळ येते, आणि नोंद करायला जावे तर ‘हा सर्व्हर फक्त वाचनासाठी आहे’ असा नकार मिळतो. पूलच्या दृष्टीने सारे आलबेल. ग्राहकाच्या दृष्टीने एकही पैसा भरला जात नाही. अशा ठिकाणी प्रश्न थोडा मोठा करावा लागतो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘पीजी इझ इन रिकव्हरी’ हे फंक्शन सर्व्हर प्रतिकृती आहे का ते सांगते, तर अॅमेझॉनच्या ऑरोरा मायएसक्यूएलमध्ये ‘इनोडीबी रीड ओन्ली’ हे चलपद पाहतात. नुसते मूल्य वाचून भागत नाही. उत्तर ‘केवळ वाचन’ असे आल्यास जोडणी टाकून द्यावी, हे पूलला कळेल अशी रचना करावी लागते. कारण बहुतेक पूल उत्तरातील आकडा पाहतच नाहीत, उत्तर आले की नाही तेवढेच पाहतात.

उलट बाजूही आहे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये एखादा व्यवहार चुकीमुळे मध्येच अडला असेल, तर तो मागे घेईपर्यंत त्या जोडणीवर ‘सिलेक्ट १’सुद्धा नाकारले जाते. जोडणी जिवंत असते, केवळ आधीच्या माणसाने तिची आवराआवर केलेली नसते. याच डेटाबेसमध्ये ऑटोकमिट बंद ठेवून पडताळणी केली, तर तो निरुपद्रवी प्रश्नच एक नवा व्यवहार उघडतो आणि जोडणी ‘व्यवहार उघडा ठेवून निष्क्रिय’ अशा अवस्थेत पडून राहते. २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून अशा जोडण्या ठराविक वेळेनंतर तोडण्याची सोय प्रशासकाच्या हाती आहे. म्हणजे जोडणी जिवंत ठेवण्यासाठी केलेली तपासणीच तिच्या मरणास कारण होऊ शकते.

तपासणी आणि प्रत्यक्ष वापर यांत काही क्षणांचे अंतर राहतेच. ‘हो’ असे उत्तर आल्यानंतर आणि खरी क्वेरी पाठविण्यापूर्वी जोडणी तुटू शकते. वाचनाचे काम असेल तर पुन्हा विचारले की झाले. पैशाच्या व्यवहारात मात्र सर्वांत नाजूक क्षण अखेरच्या ‘कमिट’चा. आज्ञा गेली, उत्तर येण्याआधी जोडणी तुटली. आता नोंद झाली की नाही? पुन्हा पाठवावे तर ग्राहकाचे पैसे दोनदा जाण्याची भीती, न पाठवावे तर एकदाही न जाण्याची. कोणतीही पडताळणी क्वेरी या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. म्हणून प्रत्येक व्यवहाराला प्रोग्रॅमनेच आधी एक एकमेव क्रमांक द्यावा आणि तो क्रमांक दुसऱ्यांदा आल्यास डेटाबेसने नाकारावा, ही जुनी पद्धत आजही सर्वांत भरवशाची आहे. ओरॅकलने २०१३ मध्ये १२ सी आवृत्तीत ‘ट्रान्झॅक्शन गार्ड’ ही सोय दिली. तुटलेल्या जोडणीवरील शेवटच्या व्यवहाराचे काय झाले, हे नव्या जोडणीवरून तिच्याद्वारे विचारता येते. पोस्टग्रेएसक्यूएलच्या २०१७ मधील १० व्या आवृत्तीत व्यवहाराच्या क्रमांकावरून त्याची स्थिती सांगणारे फंक्शन आले. व्यवहार चालू असतानाच तो क्रमांक प्रोग्रॅमने टिपून ठेवलेला असला, तरच त्याचा उपयोग होतो.